गंज पेठेतला माळ्याचा वाडा

पुणे पाहायला आलेल्या पाहुण्याला आम्ही पुणेकर ठरलेल्या वाटेने फिरवतो. शनिवारवाडा, लाल महाल, मग विश्रामबागवाडा, आणि पाहुण्याच्या पायांत बळ उरलेच असेल तर केळकरांचे संग्रहालय. यानंतर बाकरवडी येते आणि इतिहास संपतो. मंडई मागे टाकून पूर्वेकडच्या पेठांत शिरावे, हे पाहुण्याला सुचत नाही आणि आम्हीही सुचवत नाही. वास्तविक जुन्या पुण्याचा संसार ज्यांच्या जिवावर चालला ती माणसे या बाजूला राहत. लाकडाच्या वखारी, भुसाराच्या पेढ्या, माळी, कुंभार, कासार, सगळे इकडे. गंज पेठेला जुने लोक मीठगंज म्हणत. मिठाचा बाजार होता म्हणून गंज. आता या पेठेचे नाव महात्मा फुले पेठ आहे, आणि ते ज्यांच्यामुळे पडले त्यांचे घर तिच्या एका गल्लीत उभे आहे.

लोक त्याला फुले वाडा म्हणतात. 'वाडा' हा शब्द ऐकून कोणी तीन चौकी वास्तू, नगारखाना आणि दिंडी दरवाजा डोळ्यांसमोर आणील तर त्याची निराशा होईल. रास्ते वाड्याच्या एखाद्या कोपऱ्यात हे सगळे घर सहज मावले असते. मातीविटांच्या भिंती, लाकडी खांब, वर कौले, ठेंगणे दरवाजे. उंच माणसाने वाकूनच आत जावे. १८५२ च्या सुमारास बांधलेले हे घर आज सरकारने जपलेले स्मारक आहे. भिंतींवर जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या चरित्रातले प्रसंग रंगवून लावले आहेत. आवारात विहीर आहे, आणि घरामागे तुळशीवृंदावनाच्या जागी जोतीरावांची समाधी.

या दोघांचे चरित्र शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनीच वाचले आहे, तेव्हा ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. मला सांगायची आहे ती घराची हकीकत. आमची धाकटी कन्या बरोबर होती. खोल्या पाहून झाल्यावर तिने विचारले, "बाबा, यांच्या घरी मग आता कोण राहतं? यांची नातवंडं कुठं असतात?" आमच्या सौभाग्यवतींनी, "त्यांना मूलबाळ नव्हतं गं," म्हणून उत्तर दिले. उत्तर खरे होते, तरी पोरीचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. ज्या घरात मूलबाळ नव्हते त्या घरात इतकी मुले कुठून आली, आणि इतक्या मुलांच्या घराला वारस का उरला नाही, हे मग मी शोधीत गेलो.

आधी फुले हे आडनाव. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तिथून हे लोक पुरंदरातल्या खानवडीला आले आणि पुढे पुण्याला. पेशवाईच्या अखेरच्या काळात घराण्यातल्या भावांनी फुलांचा धंदा केला, दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात फुले, हार, गजरे पुरवले, आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. पेशव्यांनी खूश होऊन ३५ एकर जमीन इनाम दिली. भाऊ तीन होते: राणोजी, कृष्णा आणि गोविंद. थोरल्या राणोजीने ती जमीन एकट्याच्या घशात घातली. धाकट्या गोविंदरावांनी भाजीचे दुकान आणि थोडी शेती यांवर संसार केला. सख्ख्या नात्याचा हा पहिला धडा या घराण्यात जोतीरावांच्या जन्माआधीच लिहून झाला होता.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते वर्षभराचे असतानाच गेली. मावसबहीण लागणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने त्यांना वाढवले. पुढे मुलाला शाळेतून काढून शेतावर लावले तेव्हा त्याला परत शाळेत घाला म्हणून बापाचे मन वळवणारे दोघे शेजारी होते, एक गफार बेग मुनशी आणि दुसरे लिजिट साहेब. म्हणजे मुलाला अंगावर घेऊन वाढवले ते मावसबहिणीने, आणि शिकवा म्हणून बापाकडे रदबदली केली ती एका मुसलमान शेजाऱ्याने व एका गोऱ्या साहेबाने.

१८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. तिच्यासाठी जागा देणारे तात्याराव भिडे ब्राह्मण होते हेही विसरता कामा नये. पुढच्याच वर्षी गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. जातीतल्या आणि गावातल्या लोकांनी त्यांना कोंडीत धरले होते. शाळा सोड नाही तर घर सोड, असा सवाल झाला आणि या दोघांनी घर सोडले. सावित्रीबाईंचे वय त्या वेळी अठरा. आपल्यापैकी ज्यांनी ऐन उमेदीत वडिलांचे घर सोडून भाड्याच्या खोलीत संसार मांडला आहे त्यांना त्या दिवसांची थोडीफार कल्पना येईल. फरक एवढाच, की आपल्याला बहुधा बदलीमुळे किंवा सासू-सुनेच्या कुरबुरीमुळे बाहेर पडावे लागते.

तेव्हा १८५२ च्या सुमाराचे हे घर म्हणजे घराबाहेर काढलेल्या माणसाने मांडलेला संसार आहे, ही गोष्ट त्याच्या उंबरठ्यावर उभे राहताना ध्यानात ठेवायला हवी. वडिलोपार्जित वाड्यात राहून सुधारणा करणे निराळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शाल देऊन सरकारी सत्कार झाला. ज्यांच्या वाड्यात वडील-चुलत्यांनी फुले पोचवली त्या पेशव्यांच्या महालात मुलाला शाल मिळाली.

पोटापाण्याचे काय, असा प्रश्न व्यवहारी वाचकाच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की समाजसुधारक वर्गणीवर जगतात. जोतीराव उत्तम धंदेवाईक होते. ते बांधकामाची कंत्राटे घेत, खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांना माल पुरवीत, धातूच्या ओतकामाच्या साच्यांची विक्री करीत, मांजरीला शेती करीत. या घरात पैसा येत होता आणि आला तसा जात होता. १८७६ ते १८८२ या काळात ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते.

१८५६ मध्ये त्यांच्यावर मारेकरी घालण्यात आले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. रात्रीची वेळ, हत्यारे घेऊन आलेले दोघे, आणि 'तुमचे भले होत असेल तर घ्या माझे डोके' म्हणून उभे राहिलेले जोतीराव. हे चित्र इतक्या वेळा रंगवले गेले आहे की ते नाटकातल्या प्रवेशासारखे वाटू लागते. मला त्यापेक्षा पुढची हकीकत मोलाची वाटते. त्या दोघांतला रोडे जोतीरावांचा पहारेकरी झाला, आणि दुसरा, धोंडीराम नामदेव कुंभार, शिकला. इतका शिकला की जोतीरावांच्या पंथाचा पंडित म्हणून त्याने पुस्तके लिहिली. मारायला आलेल्या माणसाला क्षमा केल्याच्या कथा संतचरित्रांत पुष्कळ सापडतात. त्याला अक्षरओळखीपासून शास्त्रार्थापर्यंत नेण्याची चिकाटी त्यामानाने फार थोड्यांनी दाखवली आहे.

आता या घरातल्या सर्वांत अवघड खोलीकडे वळतो. दिवाळी अंकात बायकामुलांसमोर हे कशाला, असे कोणाला वाटेल, पण याखेरीज या घराचा इतिहास लिहिताच येत नाही.

त्या काळी ब्राह्मणादी वरच्या जातींत विधवांना पुनर्विवाह नव्हता. दहा-बारा वर्षांच्या मुली विधवा होत, त्यांचे केशवपन होई आणि त्या आयुष्यभर कोणाच्या तरी घरी राबत. अशा एखादीचे पाऊल वाकडे पडले, किंवा अधिक खरे बोलायचे तर घरातल्या वा शेजारच्या कोणा पुरुषाने ते वाकडे पाडले, की तिच्यापुढे विहीर, काशी किंवा विषारी औषध हेच मार्ग उरत. जोतीरावांच्या एका ब्राह्मण मित्राच्या घरी काशीबाई नावाची अशीच एक तरुण विधवा स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानात पाठवले. तिला त्या वाटेला लावणारा पुरुष मोकळा राहिला.

ही गोष्ट जोतीरावांना आणि सावित्रीबाईंना इतकी लागली की १८६३ मध्ये त्यांनी आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील पत्रके चिकटवली, की अडचणीत सापडलेल्या विधवांनी इथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा इथेच ठेवावे. ज्या गल्ल्यांतून शाळेला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडले होते त्याच गल्ल्यांच्या भिंतींवर हे निमंत्रण लागले.

पुढे ४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीरावांनी या कामाचा हिशेब एका पत्रात दिला आहे. तोवर ३५ विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. मुलांपैकी फक्त ५ जगली. ३० गेली. ती गर्भात असतानाच ती नाहीशी व्हावीत म्हणून आयांनी घेतलेल्या, किंवा त्यांना कोणी पाजलेल्या, जालीम औषधांनी ती आधीच निकामी झालेली होती. मी हे आकडे वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. या घराच्या भिंतींनी ३५ वेळा बाळंतपणाचे ओरडणे ऐकले आणि ३० वेळा त्यानंतरची शांतता. एकवीस वर्षांत ३५ जणी, म्हणजे दर सात-आठ महिन्यांनी कोणी तरी अंधार पडल्यावर या ठेंगण्या दारातून वाकून आत आली असणार. तिला पाणी तापवून देणारी, तिच्याजवळ रात्र काढणारी आणि सकाळी मेलेले मूल उचलणारी बाई कोण होती, हे सांगायची गरज नाही. स्वतःची कूस न उजवलेल्या त्या बाईने ही बाळंतपणे केली.

१८७४ मध्ये अशीच एक काशीबाई (हीदेखील काशीबाईच, पण दुसरी) या घरी आली. तिचा मुलगा जगला. त्याचे नाव यशवंत. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी त्याला दत्तक घेतले. मूल नाही म्हणून जोतीरावांनी दुसरे लग्न करावे असा आग्रह आप्तांनी पुष्कळ केला होता. तो त्यांनी मानला नाही. दत्तक घ्यायचेच तर भावकीतला मुलगा घ्यावा, अशी रीत. इथे माळ्याच्या घराने विधवा ब्राह्मणीचा मुलगा घेतला, त्याला आपले नाव दिले, डॉक्टर केले आणि १८८७ मध्ये रीतसर मृत्युपत्र करून आपल्या मिळकतीचा वारस नेमले.

यशवंताच्या आधीच हे घर भरत चालले होते. १८६८ मधले सावित्रीबाईंचे नायगावहून आलेले एक पत्र उपलब्ध आहे. गावात गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि सारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले, तिला दिवस राहिले, आणि गावकरी दोघांना मारायला निघाले. सावित्रीबाईंनी मध्ये पडून, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून दोघांचे प्राण वाचवले, आणि त्यांना सरळ पुण्याला नवऱ्याकडे पाठवून दिले. नवऱ्याला न विचारता! आपल्या घरी बायकोने माहेराहून आंब्याची करंडी पाठवली तरी आपण 'आधी कळवायचे नाही का' म्हणतो. पण या दोघांमध्ये असे विचारावे लागत नसे. कोणाला ठेवायचे हा प्रश्न त्या घरात निकालात निघालेला होता.

त्याच १८६८ मध्ये घरच्या पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. ही एका ओळीत सांगायची गोष्ट नाही. पुण्यात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून पाणी आणले, पेठापेठांतून हौद केले. नळाचे ते काम आजही शहाणे इंजिनिअर वाखाणतात. पण त्या हौदांवर महारामांगांना हात लावता येत नव्हता. उन्हाळ्यात ती माणसे हौदापासून दूर मडके ठेवून, कोणी वरून ओतील का म्हणून तासन्‌तास थांबत. सार्वजनिक हौदांवर जोतीरावांची सत्ता नव्हती. स्वतःच्या हौदावर होती. त्यांनी तो मोकळा केला, आणि त्या दिवसापासून त्या पाण्याला जे शिवले ते सगळे त्यांच्या पंक्तीचे ठरले. जातीने काय म्हटले असेल ते म्हटले असेल. मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव केला तो १९२३ मध्ये, आणि महाडचे चवदार तळे त्यासाठी बाबासाहेबांना १९२७ मध्ये चढून जावे लागले. गंज पेठेतल्या एका घरात ते साठ वर्षे आधी होऊन गेले होते. बाबासाहेबांनी पुढे आपल्या तीन गुरूंत बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला जोतीरावांचे नाव घेतले, ते उगीच नव्हे.

याशिवाय शिकायला आलेली मुले घरी राहत. त्यांतल्या एकाने म्हातारपणी आठवण सांगितली आहे की सावित्रीबाईंनी आपल्यावर आईपेक्षा अधिक माया केली. गरीब बायका आल्या की सावित्रीबाई त्यांना लुगडी देऊन टाकीत, आणि खर्चाची ओढाताण होऊ लागली म्हणजे जोतीराव हलकेच, 'जरा बेताने' असे सुचवीत. घराघरांतला हा संवाद कुठे बदलत नाही, याची मला गंमत वाटते. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला पोरक्या मुलांसाठी बालाश्रम निघाला तेव्हा बेताचे काही उरलेच नाही.

१८८८ मध्ये मुंबईच्या मांडवी-कोळीवाड्यात लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' म्हटले आणि त्याच वर्षी अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली. विश्रामजी घोले यांच्यासारख्या नामांकित डॉक्टर मित्राने उपचार केले. जोतीराव याच घरात, डाव्या हाताने, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहीत राहिले. त्यातच १८८९ च्या फेब्रुवारीत यशवंताचे लग्न ग्यानोबा ससाणे यांच्या राधा या मुलीशी भटजीवाचून लागले. राधाला लग्नाआधीच या घरात आणून ठेवले होते, मुलामुलीची ओळख व्हावी म्हणून. सून शिकावी यासाठी सासूने घरकामाचा भार स्वतः उचलला. १८८९ सालची ही सासू! आमच्या घरी हे वाचून दाखवले तेव्हा दोन पिढ्यांकडून दोन निरनिराळे उसासे ऐकू आले. असो.

कंत्राटे थांबली, आजारपण लांबले, आणि घरात पैसा उरला नाही. १८९० मध्ये मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी अशी विनंती केली. पण २८ नोव्हेंबर १८९० च्या पहाटे जोतीराव गेले.

त्यांची इच्छा होती की आपले दहन करू नये. मिठात घालून घरामागेच पुरावे. त्यासाठी खड्डाही त्यांनी हयातीत खणवून ठेवला होता. मीठगंजातल्या माणसाने मिठात विसावा मागितला. वस्तीत दफन करता येत नाही म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली. ज्या नगरपालिकेत ते सहा वर्षे बसले तिचाच हा नियम. तेव्हा दहन झाले. अंत्ययात्रा निघताना भावकी पुढे आली. टिटवे कोणी धरायचे? दत्तकाचा, त्यातून अशा दत्तकाचा हक्क त्यांना मान्य नव्हता, कारण टिटवे धरील तो वारस. राणोजीची ती जुनी इनामाची जमीन जणू पुन्हा अंगणात येऊन उभी राहिली. सावित्रीबाईंनी टिटवे आपल्या हातात घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या. त्या काळी बायका स्मशानाच्या वाटेला पाऊल टाकीत नसत. दोन दिवसांनी अस्थी आणून त्याच खणलेल्या खड्ड्यात ठेवल्या. आज घरामागे आपण जिथे हात जोडतो ती ही जागा.

पुढची पंधरा वर्षे या घराला सारखी गळती लागली. राधा १८९५ मध्ये वारली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. यशवंत लष्करात डॉक्टर होता. आईने त्याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा गाठीच्या तापाने तळमळतो आहे असे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतही १९०५ मध्ये गेला.

मागे राहिली ती त्याची दुसरी पत्नी, पदरी लहान मुलगी. मिळकत काही नव्हती. आधी घरातली भांडीकुंडी गेली, मग पोटासाठी घर विकावे लागले. पुण्यातल्या ३५ परक्या विधवांना ज्या घराने आसरा दिला त्या घराच्या स्वतःच्या विधवा सुनेने अखेरचे दिवस पुण्याच्या रस्त्यावर काढले, आणि ती तशीच बेवारस गेली. त्या वेळी महाराष्ट्रात जोतीरावांच्या नावाने सभा होत होत्या, पक्ष उभे राहत होते, कोल्हापुरापासून नागपुरापर्यंत त्यांचा जयजयकार चालला होता. जयजयकार करणाऱ्यांना ही बाई कुठे राहते हे विचारावेसे वाटले नाही. सनातन्यांनी जोतीरावांना छळले हे आपण मुलांना शिकवतो आणि शिकवावेच. पण या सुनेला सनातन्यांनी रस्त्यावर आणले नव्हते. वाड्याच्या भिंतींवर इतके प्रसंग रंगवले आहेत, त्यांत एक चित्र तिचे असावे असे मला वाटते.

विकलेले घर पडून जायचे, किंवा त्यावर चाळ उभी राहायची. पुण्यातल्या किती तरी वाड्यांचे तसेच झाले. भिडे वाड्याचेच पाहा. तिथे पहिली मुलींची शाळा भरली हे सर्वांना माहीत असून वाडा वर्षानुवर्षे खटल्यांत अडकला, खाली दुकाने थाटली गेली, वरचे छप्पर खचले, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. त्या जागी स्मारक व्हायचे ठरले आहे, पण सावित्रीबाई ज्या जिन्याने चढल्या तो जिना काही परत येणार नाही. गंज पेठेतले घर वाचले, कारण ते पुढे सावता माळी फ्री बोर्डिंगकडे आले. खेड्यापाड्यांतून पुण्याला शिकायला आलेली, खोलीचे भाडे परवडत नसलेली मुले तिथे राहू लागली. ज्या घरात रक्ताचे मूल कधी जन्मले नाही तिथे पुन्हा पोरांच्या वळकट्या पसरल्या, सकाळी आंघोळीला रांगा लागल्या, रात्री दिव्याखाली घोकंपट्टी चालली. घराला राबता हवा असतो. बंद घराचे वासे आधी कुजतात, हे कोकणात ज्यांचे घर कुलपात आहे त्यांना विचारावे. बोर्डिंगच्या पोरांनी ते घर नुसते राहून जगवले.

१९७२ मध्ये राज्य सरकारने वाडा संरक्षित स्मारक म्हणून ताब्यात घेतला. १९९३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला आणि त्याला 'समता भूमी' हे नाव मिळाले. जवळच सावित्रीबाईंचेही स्मारक आहे. ३ जानेवारीला, ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला इथे माणसांना उभे राहायला जागा मिळत नाही. विदर्भातून, मराठवाड्यातून बायका लेकरे कडेवर घेऊन येतात, समाधीला फुले वाहतात, विहिरीत डोकावतात. कोणी ओवाळतातही. जोतीरावांना ते आवडले असते का, याविषयी मला शंका आहे. पण आपल्या बायका पाडव्याला ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतात त्यातला बळी त्यांना देवांपेक्षा जवळचा होता आणि 'गुलामगिरी'त त्यांनी त्याची बाजू हिरिरीने मांडली आहे, तेव्हा पाडव्याच्या दिवशी गेलेल्या बाईला ते रागावले नसते असे म्हणायला हरकत नाही.

मंडईपासून चालत गेले तर वीसेक मिनिटे लागतात. रिक्षावाल्याला 'फुले वाडा' म्हटले की पुरे. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी आत नेण्याच्या भानगडीत पडू नये. सध्या जोतीरावांचे आणि सावित्रीबाईंचे अशी दोन्ही स्मारके जोडून सगळा परिसर मोठा करण्याची योजना आहे. त्यासाठी मधली दाट वस्ती हलवावी लागणार. तिथे मालक आहेत, त्यांहून अधिक भाडेकरू आहेत, पिढ्यान्‌पिढ्या दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे आहेत. वाड्यातून बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. शेजारच्या दारात एक बाई भांडी घाशीत होत्या. घर जाणार का, म्हणून मी विचारले. जागा याच पेठेत मिळणार असेल तर जाऊ, त्या म्हणाल्या. मुलांची शाळा इथेच आहे.